समीक्षकांना ‘ठीकठाक’, प्रेक्षकांना ‘भारी’. रोमँटिक कॉमेडीवर दोघांचं एकमत का होत नाही?

शुक्रवारी दुपारी आमच्या डिजिटल डेस्कवर एक हेडिंग जवळजवळ तयारच असतं. ‘समीक्षकांनी झोडपलं, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं!’ सिनेमाचं नाव बदलायचं, पोस्टर लावायचं, नोटिफिकेशन सोडायचं. मी स्वतः हे हेडिंग किती वेळा दिलंय, याचा हिशेब ठेवलेला नाही. पण ते चालतं, हे मला माहीत आहे. भांडणाच्या बातमीवर बोट पटकन जातं, तुमचंही आणि माझंही.

तरी एक गोष्ट बरेच दिवस खटकत होती. ॲक्शनपट किंवा भयपटांवरूनही समीक्षक आणि प्रेक्षकांचं बिनसतं. रोमँटिक कॉमेडीच्या बाबतीत मात्र ते इतकं नेहमीचं झालंय, की त्याची बातमी तरी का करायची असा प्रश्न पडावा. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा तशीच घडत असेल, तर तिच्यामागं काहीतरी यंत्रणा असणार, असं इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला वाटतंच. म्हणून आकडे उघडून बसलो. तेव्हा लक्षात आलं, की ‘समीक्षक विरुद्ध प्रेक्षक’ हा सामना आपण लावतो खरा, पण दोघं एका मैदानावर उतरलेलेच नसतात.

६० लाखांची सुरुवात, २२ कोटींचा शेवट

२२ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेत ‘एनीवन बट यू’ हा सिनेमा लागला. दिग्दर्शक विल ग्लक, जोडी सिडनी स्वीनी आणि ग्लेन पॉवेल यांची. गोष्ट अशी : दोघं भेटतात, एक छान दिवस जातो, सकाळी गैरसमज होतो आणि मग दोघं एकमेकांचं तोंडही पाहायला तयार नसतात. पुढं ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत एका लग्नाला दोघांनाही जावं लागतं आणि तिथं आपापल्या सोयीसाठी ते जोडपं असल्याचं नाटक करतात. शेवट काय होणार, हे तुम्ही आत्ताच ओळखलंत. सांगाडा शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’चा आहे. नायिकेचं ‘बी’ आणि नायकाचं ‘बेन’ ही नावंसुद्धा तिथल्याच बिअट्रिस आणि बेनेडिकवरून आलीत.

‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर समीक्षकांचा कौल ५० टक्क्यांच्या जरासा वर जाऊन थांबला, प्रेक्षकांचा ८० च्या पुढं गेला. समीक्षकांच्या तक्रारी साधारण सारख्याच होत्या. संवादांना धार नाही, योगायोग ओढूनताणून आणलेत, पुढचं सगळं लांबूनच दिसतं. सुरुवातीला गल्लाही त्यांच्याच बाजूनं बोलत होता. अमेरिकेत पहिल्या वीकेंडला जेमतेम ६० लाख डॉलर जमले. निर्मितीचा खर्च होता सुमारे २.५ कोटी डॉलर. ट्रेडच्या हिशेबानं विषय तिथंच संपायला हवा होता, कारण दुसऱ्या आठवड्यात गल्ला साधारण निम्म्यावर येतो.

इथं उलटं झालं. दुसऱ्या वीकेंडला आकडा ८७ लाखांच्या आसपास गेला आणि तिसऱ्याला त्याच्याही वर. पहिला वीकेंड ऐन नाताळच्या आदल्या दिवशी संपत होता, त्यामुळं सुरुवात थंड झाली, हे मान्य. पण तिसऱ्या आठवड्यातली वाढ त्यानं समजत नाही. शेवटी जगभरात मिळून सुमारे २२ कोटी डॉलर जमले.

वाढ आली ती तरुण प्रेक्षकांच्या घोळक्यांमुळं. सिनेमाच्या शेवटी श्रेयनामावली सरकत असताना सगळे कलाकार नताशा बेडिंगफिल्डचं ‘अनरिटन’ हे जुनं गाणं गातात. थिएटरमधून तेच गाणं म्हणत, नाचत बाहेर पडतानाचे व्हिडिओ मुलामुलींनी टिकटॉकवर टाकले, ते पाहून आणखी मुलंमुली गेली. (आपल्याकडं टिकटॉक जून २०२० पासून बंद, त्यामुळं ही लाट आपल्यापर्यंत रील्समधून आणि उशिरा आली.)

आता या गोष्टीचं हेडिंग करायला बसलो तर तेच येणार, ‘समीक्षक हरले, प्रेक्षक जिंकले’. पण थांबा. याच सिनेमाचा आणखी एक आकडा आहे आणि तो या हेडिंगमध्ये बसत नाही.

प्रेक्षक म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेत ‘सिनेमास्कोअर’ नावाची संस्था १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून एक साधं काम करते. सिनेमा लागला, की पहिल्या रात्री काही थिएटरांत प्रेक्षकांच्या हातात कार्ड द्यायचं आणि श्रेणी विचारायची, ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत. ‘एनीवन बट यू’ला तिथं ‘बी प्लस’ मिळाला. ऐकायला बरं वाटतं. पण पहिल्याच रात्री तिकीट काढून येणारा माणूस आधीच राजी असतो. जोडी आवडते, ट्रेलर आवडलाय, म्हणून तो आलाय. अशा माणसानं ‘ए’ दिला नाही, तर ट्रेडवाले त्याला ‘बरा’ या रकान्यात टाकतात. म्हणजे पहिल्या रात्रीचे प्रेक्षक आणि समीक्षक यांच्यात फार मोठी दरी नव्हती. दरी पडली ती तिसऱ्या आठवड्यात मैत्रिणींसोबत गाणं म्हणायला आलेल्या प्रेक्षकांत आणि समीक्षकांत. हे दोन प्रेक्षक वेगळे आहेत. आम्ही हेडिंगमध्ये दोघांना एकाच शब्दात कोंबतो.

संख्याशास्त्रात याला नमुन्याचा प्रश्न म्हणतात. मिसळीच्या दुकानात मिसळ खायला आलेल्यांनाच विचारलं, ‘मिसळ कशी वाटली?’ तर आकडा चांगलाच येणार. ज्यांना तिखट चालत नाही, ते दारातूनच पुढं गेले, त्यांचं मत मोजलंच गेलं नाही. समीक्षकाची नोकरी मात्र अशी, की शहरातल्या प्रत्येक दुकानात जाऊन खायचंच. दरीचा मोठा भाग इथंच तयार होतो, चवीचा प्रश्न त्यानंतर.

टक्के म्हणजे मार्क नव्हेत

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण दोन मिनिटं द्या. ‘रॉटन टोमॅटोज’वर समीक्षकांचे ५३ टक्के दिसले, की आपल्याला वाटतं, शंभरपैकी त्रेपन्न मार्क. दहावी-बारावीची सवय. प्रत्यक्षात ते संकेतस्थळ प्रत्येक परीक्षणाला दोनच शिक्के मारतं, सकारात्मक किंवा नकारात्मक. मग शंभरातली किती सकारात्मक, एवढंच सांगतं. ६० टक्के किंवा त्याहून जास्त झाले, की लाल टोमॅटो. प्रेक्षकांच्या बाजूला पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे दिले, की मत सकारात्मक धरलं जातं.

समजा, एका सिनेमाला दहाच्या दहा समीक्षकांनी पाचपैकी तीन तारे दिले. सगळ्यांचं म्हणणं ‘बरा आहे, बघायला हरकत नाही’. तीन ताऱ्यांना सकारात्मक धरलं, तर कौल १०० टक्के. दुसऱ्या सिनेमाला पाच जणांनी पाच तारे दिले आणि पाच जणांनी दोन. कौल ५० टक्के, पण सरासरी ३.५, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त! ईएनटीसी शिकलेल्यांना कंपॅरेटर आठवेल. आत येणारा व्होल्टेज ठरावीक रेषेच्या केसभर वर असो किंवा कितीही वर, बाहेर एकच उत्तर, ‘हाय’. मधली सगळी माहिती गेली.

रोमँटिक कॉमेडीला हे गणित फार जाचतं. कारण हा प्रकार समीक्षकांच्या लेखी बहुतेक वेळा त्या रेषेच्या आसपासच असतो. फार वाईट नाही, फार थोरही नाही. अडीच ताऱ्यांचा सिनेमा रेषेच्या खाली गेला, की ‘नकारात्मक’, आणि तसे पन्नास जण असले, की ‘समीक्षकांनी झोडपलं’. कुणीच झोडपलेलं नसतं. बहुतेकांनी खांदे उडवलेले असतात. ‘हाऊ टू लूज अ गाय इन टेन डेज’ हा २००३ चा सिनेमा घ्या. समीक्षकांचा कौल ४० च्या घरात, कमाई जगभरात सुमारे १७.७ कोटी डॉलर, आणि आजही कुठल्या ना कुठल्या ओटीटीवर कुणीतरी तो लावून बसलेलं असतं.

प्रेक्षकांच्या आकड्यालाही आजार आहेतच. एखाद्या सिनेमावर राग म्हणून न पाहताच शून्य तारे देणाऱ्यांच्या झुंडी येतात. चाहते म्हणून न पाहताच पाच देणाऱ्यांच्याही. २०१९ मध्ये ‘रॉटन टोमॅटोज’नं तिकीट काढल्याची खात्री झालेल्यांची मतं वेगळी दाखवायला सुरुवात केली, ती याच त्रासामुळं. आपल्याकडं परिस्थिती आणखी गुंतागुंतीची. गल्ल्याचे आकडे निर्माते आणि ट्रेड विश्लेषक सांगतील ते, आणि त्यात ‘एकावर एक तिकीट फ्री’च्या योजना. त्यामुळं ‘प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं’ हे आम्ही कशाच्या आधारावर लिहितो, असं कुणी विचारलं, तर डेस्कवर थोडी शांतता पसरेल.

सकाळी अकराचा प्रेस शो

आमच्या समीक्षकांना बरं नव्हतं, तेव्हा मला दोनदा प्रेस शोला पाठवलं होतं. दुसऱ्या खेपेला रोमँटिक कॉमेडी होती. सकाळी अकराची वेळ, गारठलेलं छोटं थिएटर, वीस-बावीस माणसं, एकमेकांपासून दोन-दोन खुर्च्या सोडून बसलेली. पडद्यावर विनोद झाला, की कुणीतरी नाकातून हवा सोडायचं, तेवढंच. शेजारच्या काकांनी मध्यंतरात सांगितलं, की त्यांचा आठवड्यातला हा चौथा सिनेमा. संध्याकाळी सहाच्या आत कॉपी द्यायची होती. मी प्रामाणिकपणे अडीच तारे दिले.

रविवारी रात्री तोच सिनेमा मित्रांसोबत पुन्हा पाहिला. थिएटर भरलेलं. ज्या प्रसंगाला मी वहीत ‘ओढलेला’ असं लिहिलं होतं, तिथं पूर्ण रांग हसून वाकली होती, आणि मीही हसलो. हसू संसर्गजन्य असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या संसर्गाला माणसं लागतात. प्रेस शोला ती नसतात. मग माझे खरे तारे कुठले, सकाळचे की रात्रीचे? मला वाटतं, दोन्ही. सकाळी मी सिनेमा पाहिला होता, रात्री मी माझी संध्याकाळ पाहत होतो. मल्टिप्लेक्समध्ये दोघांची तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग धरून हजाराच्या आसपास जातात. एवढे खर्च केलेला माणूस ‘पटकथेचा दुसरा अंक सैल आहे’ याच्यावर भांडत नाही. त्याला हवी असते बरी गेलेली संध्याकाळ. हा हिशेब चुकीचा नाही, फक्त तो सिनेमाचा हिशेब नाही.

शेवट माहीत असूनही

समीक्षकांचा सगळ्यात जुना आक्षेप म्हणजे ‘सगळं आधीच कळतं’. मुलगा-मुलगी भेटणार, भांडणार, दुरावणार, शेवटी एक जण विमानतळावर पळत जाणार. महिन्याला पंधरा सिनेमे पाहणाऱ्याला हे चाळिसाव्यांदा पाहताना कंटाळा येणं साहजिक आहे. वर्षाला चार सिनेमे पाहणाऱ्याला त्याच ओळखीसाठी तर पैसे द्यायचे असतात.

आणि हे काही अमेरिकेतून शिकायला नको. तमाशाला बसलेल्या माणसाला गणानंतर गवळण येणार, मग बतावणी, मग वग, हे ठाऊक असतं. क्रम बदलला, तर तोच ओरडेल. ‘एका लग्नाची गोष्ट’ हे नाटक घ्या. प्रशांत दामले आणि कविता लाड यांची जोडी पाहायला लोक पुन्हा पुन्हा गेले. हशा कुठं येणार हे पाठ असताना गेले. २०१८ मध्ये ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ आलं, तेव्हा तीच जोडी पाहायला पुन्हा रांग लागली. माझी आई नाटकात पुढचं वाक्य आधीच पुटपुटते आणि मग ते रंगमंचावर आलं, की आमच्याकडं बघते, जणू तिनंच लिहिलंय.

पण इथं मला समीक्षकांची बाजू घ्यायची आहे. चांगला समीक्षक शेवट माहीत असल्याबद्दल मार्क कापत नाही, असा माझा अनुभव आहे. २०१० चा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आठवा. सतीश राजवाडे यांचा सिनेमा, स्वप्निल जोशी आणि मुक्ता बर्वे. मुंबईची मुलगी स्थळ नाकारायला पुण्यात येते, एका मुलाला पत्ता विचारते आणि दोघं दिवसभर शहरात भटकतात. पहिल्या भागात दोघांना नावंसुद्धा नाहीत. पोस्टर पाहूनच शेवट कळत होता. तरी तो लिहिणाऱ्यांनाही आवडला आणि पाहणाऱ्यांनाही, इतका की २०१५ आणि २०१८ मध्ये पुढचे भाग आले. कारण तिथं मधला रस्ता रिकामा नव्हता. मुंबई मोठी की पुणं, या आपल्या घरगुती भांडणातून ती दोघं हळूहळू एकमेकांची खरी माहिती काढत जातात. हट्ट, आधीची दुखणी, घरच्यांची घाई.

म्हणजे ‘समीक्षकांना साधं प्रेम कळत नाही’ हा आरोप सरसकट खोटा आहे. त्यांना आळस कळतो. शेवट ठरलेला आहे म्हणून मधल्या दोन तासांत काहीही भरलं, तर ते बोट ठेवतात. प्रेक्षक तिथं जास्त उदार असतात, कारण जोडी, गाणी, शेजारी बसलेलं माणूस असं बरंच काही त्या खड्ड्यांत भर घालत असतं.

हॉस्टेलची हार्ड डिस्क आणि ताईचा प्रश्न

आता माझ्या स्वतःच्या आवडीकडं येतो, कारण इथं माझं गणित कोलमडतं.

‘रहना है तेरे दिल में’ १९ ऑक्टोबर २००१ रोजी लागला. गौतम मेनन यांनी त्याच वर्षी तमिळमध्ये केलेल्या ‘मिन्नले’ची ही हिंदी आवृत्ती. आर. माधवन दोन्हीकडं, हिंदीत सोबत दिया मिर्झा आणि सैफ अली खान, संगीत हॅरिस जयराज यांचं. थिएटरात तो चालला नाही. म्हणजे २००१ च्या प्रेक्षकांनी त्याला नाकारलं. मग गाणी वाजत राहिली, टीव्हीवर सिनेमा लागत राहिला आणि दहा-पंधरा वर्षांत तो एका पिढीचा लाडका झाला. आमच्या हॉस्टेलवर एक हार्ड डिस्क खोलीखोलीतून फिरायची. तिच्यात सबमिशनचे रेडिमेड जर्नल, गेट परीक्षेची लेक्चर आणि हा सिनेमा. सेमिस्टर संपल्याच्या रात्री तो लागायचाच. मॅडीसारखा गॉगल घेतलेले किमान तीन जण मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

३० ऑगस्ट २०२४ रोजी सिनेमा थिएटरांत पुन्हा लागला. मी मावसबहिणीला, तेजूताईला, सोबत नेलं. थिएटर जवळजवळ भरलेलं, गाणं सुरू होण्याआधीच शिट्ट्या. तिकीट काढताना मनात हेडिंगही तयार होतं, ‘२३ वर्षांनी फ्लॉप सिनेमाचा बदला’.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी एका वाक्यात. रीनाचं लग्न अमेरिकेतल्या राजीवशी ठरलंय, तिनं त्याला मोठेपणी पाहिलेलं नाही, आणि मॅडी त्याच्या नावानं तिच्या आयुष्यात शिरतो. मला हा भाग पाठ आहे. शेजारून ताई हळूच म्हणाली, “अरे, हा तर फ्रॉड आहे.” मी हसलो. ती हसली नव्हती.

मध्यंतरात समोसा हातात धरून तिनं सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. बारावीला असताना क्लासमधल्या एका मुलानं दादाचा मित्र म्हणून घरच्या फोनवरून तिचा नंबर मिळवला. मग तीन महिने फोन. कधी गाणी, कधी रडणं. “शेवटी घरी कळलं. क्लास बंद झाला. माझा, त्याचा नाही,” ती म्हणाली. मग म्हणाली, “चल, सुरू होईल.”

दुसरा भाग मी नीट पाहू शकलो नाही. शिट्ट्या चालूच होत्या, आणि त्या वाजवणारी मुलं काही वाईट नव्हती. मीही त्यांच्यातलाच होतो, सात वर्षांपूर्वी. गेल्या काही वर्षांत अनेक लिहिणाऱ्यांनी हाच आक्षेप घेतलाय, की पाठलाग आणि खोटी ओळख यांना सिनेमा प्रेम म्हणून खपवतो. दिया मिर्झा यांनीही नंतर या सिनेमात स्त्रीकडं बघण्याची दृष्टी पुरुषप्रधान असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. अशा लेखांखाली ‘किती विचार करता, सिनेमा आहे, एंजॉय करा’ हे मी स्वतः लिहिलेलं आहे. कॉलेजात असताना, खोट्या नावाच्या अकाउंटवरून. (हो, मलाही आत्ता लिहिताना ते जाणवलं.)

हेडिंगमध्ये काय हरवतं?

ताई समीक्षक नाही. तिनं तिकीट काढलं होतं, मोठा पॉपकॉर्न घेतला होता, गाण्यांवर पाय हलवला होता. ती प्रेक्षकच. पण ‘प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं’ असं लिहिलं, की ती गायब होते आणि तिचं म्हणणं ‘समीक्षकांचं नाक मुरडणं’ या खात्यात जातं. माझा खरा आक्षेप इथं आहे. प्रेक्षकांच्या प्रेमाचा आकडा समीक्षकाला गप्प करायला वापरला जातो, तेव्हा गप्प होणाऱ्यांत थिएटरातले बरेच जणही असतात.

हे गप्प करणं आता हेडिंगपुरतं उरलेलं नाही. २०२४ च्या अखेरीस तमिळ निर्मात्यांची एक संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. मागणी अशी, की सिनेमा लागल्यावर पहिले तीन दिवस ऑनलाइन परीक्षणांना मनाई करावी. न्यायालयानं अशी सरसकट मनाई करायला नकार दिला. निर्मात्यांचं दुःख अगदीच खोटं नाही. पैसे घेऊन सिनेमा पाडणारे आणि उचलणारे दोन्ही आहेत. पण तीन दिवस फक्त पोस्टरवरचे तारे बोलणार आणि बाकी सगळे गप्प, अशी व्यवस्था कुणाच्या सोयीची, हे सांगायला नको. 

दुसऱ्या बाजूला, समीक्षकांनीही काही गोष्टी ऐकून घ्यायला हव्यात. अडीच तारे देताना हा सिनेमा कुणासोबत, कधी पाहिला तर बरा वाटेल, हे एका वाक्यात सांगायला काय हरकत आहे? प्रेस शोऐवजी संध्याकाळच्या खेळाला बसून लिहिणारे काही जण आहेत, त्यांच्या लिखाणात हसू कुठं आलं आणि कुठं आलं नाही याची नोंद असते. मला ती ताऱ्यांपेक्षा उपयोगी वाटते. आणि तारे आमच्यासारख्या डेस्कना हवे असतात, समीक्षकांना नव्हे. आमच्या समीक्षकांनी एकदा तारे न देता कॉपी पाठवली होती. फोन करून तारे मागवणारा मीच होतो, कारण त्यांच्याशिवाय थंबनेल बनत नाही.

‘रहना है तेरे दिल में’ची बातमी मी त्या रात्री केली. हेडिंगमध्ये शिट्ट्या होत्या आणि चौथ्या परिच्छेदात मॅडीच्या खोटेपणावरचा आक्षेपही होता. सकाळी पाहिलं, तर चौथा परिच्छेद लांबीसाठी गेला होता. वाचनाची वेळ दोन मिनिटं दिसायला हवी, असा नियम आहे. क्लिक चांगले आले.

दुपारी ताईचा स्क्रीनशॉट आला. तिकिटाच्या ॲपनं तिला विचारलं होतं, सिनेमा कसा वाटला, दहापैकी किती? खाली तिचा मेसेज : “गाणी दहा. तो शून्य. सैफ सहा. मग किती टाकू?” मी पाच म्हणालो. तिनं काहीच टाकलं नाही.